जीपला दोर कुठं बांधावा?

"माझ्या लग्नाला मी बैलगाडीतून जाणार नाही!" असं मी फुलचूरच्या चौकात छाती ठोकून सांगितलं होतं. सन त्रेपन्नचा वैशाख. मी भाताच्या गिरणीत कारकून. मालक श्यामलाल शेठनं फौजेच्या लिलावात एक जीप घेतली होती, आणि ती चालवता येणारा गिरणीत मी एकटाच! जीप देताना शेठ म्हणाले, "खेमराज, गाड़ी को कुछ हुआ, तो नौकरी भी गई समझो!"

मी हसलो. चारही चाकांत जोर असलेली गाडी! तिला काय धाड भरणार?

वऱ्हाड सकाळीच पुढं गेलं. दुपारी मी डोक्याला बाशिंग बांधून जीप काढली. शेजारी केशोरावमामा, समोरच्या बंपरवर आंब्याच्या पानांचं तोरण. लग्न पाच वाजता, आमगावच्या पलीकडं. नवरीच्या गावाच्या अलीकडंच एक नदी, तीही कोरडी.

कोरडी वरूनच होती! वाळूखाली चिखल. जीप मधोमध म्हशीसारखी बसली. मी ॲक्सिलरेटर दाबला, तर चारही चाकांनी आपापली विहीर खोदायला घेतली.

"मामा, किती वाजले?"

"तीन."

"आता?"

"अबे, तीनच! घडी खाऊन टाकशील का माही?"

तेवढ्यात नवरीच्याच गावचा कवडू नावाचा शेतकरी बैलजोडी घेऊन आला. मी त्याचा दोर हिसकावला आणि बंपरला गाठ मारली.

"बाबू, तेथी काऊन बांधून रायला?" कवडू म्हणाला. "बैलाच्या शिंगाले दोर बांधून गाडी वढते का कोणी? जू मानेवर ठेवतेत. हिची मान कोठी हाय, ते पाह्य आधी."

"कवडूभाऊ, फौजेची गाडी आहे ही! हाका!"

बैलांनी हिसका दिला. ठण्ण! जीप जागच्या जागी, आणि बंपर हवेत! त्या खणखणाटानं बैल असे बिथरले की बंपर ओढत थेट गावाकडं पळाले. त्यांच्यामागं कवडू.

मी हातावर हात धरून बसणाऱ्यातला नाही. कवडूचा मागं पडलेला दुसरा दोर घेऊन जीपखाली शिरलो. पुढच्या दोन चाकांमध्ये एक दांडी दिसली. तिला गाठ मारू लागलो.

तिकडं गावात काय झालं, ते मला नंतर कळलं. मांडवापुढून बैल धावत गेले, मागं तोरण लावलेलं बंपर! "नवरदेवाची गाडी पलटली वो!" एकच रडारड! भटजींसकट चाळीस माणसं नदीवर धावली. सगळ्यांत पुढं माझे सासरे उदेभानजी. त्यांना काय दिसलं? जीपखालून बाहेर आलेले माझे दोन पाय!

"जवाई गेला रे!" त्यांनी हंबरडा फोडला.

मी घाबरून पाय झाडले.

"जिता हाय! वढा!"

चौघांनी हाताला लागेल ते धरून ओढलं. धोतर बाहेर आलं. मी आतच!

"घ्या!" बैल परत घेऊन आलेला कवडू मागून धापा टाकत म्हणाला. "मानसालेबी चुकीच्याच जागी धरलं!"

मग मला बाहेर काढून तो स्वतः खाली शिरला. "हे दांडी चाकं वळवाची हाय बाबू. वाकली, तं एक चाक आमगावले जाईन अन् एक गोंदियाले!" त्यानं काठीनं ठोकून गाडीचा कणाच शोधला, लांबीभर गेलेल्या दोन जाड लोखंडी तुळया. त्यांनाच मागच्या बाजूला एक दणकट आकडा होता. दोर त्यात अडकवला, सगळ्यांना दोरापासून लांब उभं केलं आणि बैलांना नुसतं च्यक् केलं.

जीप लोण्यातून केस निघावा तशी निघाली!

पण आकडा मागं, त्यामुळं जीप निघाली मागं. म्हणजे फुलचूरच्या काठाला. आणि नवरी दुसऱ्या काठाला!

"पाच!" मामा ओरडले.

जीप तिथंच सोडून मी धोतर आवळलं आणि तापल्या वाळूतून धावत सुटलो. मागं चाळीस माणसं. पाहणाऱ्याला वाटावं, चोर पकडून राहिले!

शेवटचं मंगलाष्टक संपता संपता भटजींना धाप लागली. अंतरपाट दूर झाला. नवरीनं, सत्यभामेनं, माझं काळं वंगण माखलेलं तोंड पाहिलं आणि शेजारच्या चुलत बहिणीला, प्रेमिलाला, हळूच विचारलं, "नवरदेव होय हा, का डायवर?"

प्रेमिलानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"नवरदेवच होय," ती म्हणाली. "डायवर असता, तं जीप आणली असती!"