टेबलाखालच्या वकीलबाई

“ह्या वकीलबाई आहेत का पेशंट?” माझ्या मागे कोणीतरी हळूच विचारलं.

वकीलबाई, म्हणजे मंदाताई, तेव्हा टेबलाखाली बसल्या होत्या. साठी ओलांडलेली, अंगात काळा कोट, तोंडात पदराचं टोक. समोर उकिडवे बसलेले अकोटचे निवृत्त शिक्षक सलीमसर त्यांना चॉकलेट दाखवत होते.

“बेटा, जजसाहेबांना काय सांगशील?”

“मले शू लागली,” मंदाताई म्हणाल्या आणि पाठ फिरवून बसल्या.

आईबापांच्या भांडणात मुलाला कोणीच विचारत नाही, म्हणून त्याची बाजू मांडायला कोर्ट कधी कधी बाहेरचा पालक नेमतं. अकोल्यातलं हे प्रशिक्षण त्यासाठीच. कायद्याच्या पेपरात सगळेच पास होतात. मग मंदाताई सहा वर्षांची मुलगी होतात. तिला बोलतं करील त्याचंच नाव कोर्टाकडे जातं.

मुलगी मोठी वाईट होती. मागच्या खेपेला ती एका प्राचार्यांना चावली म्हणे. मंदाताईंना ते अजिबात गैर वाटत नव्हतं. “बोट नाचवून राह्यला होता थो. लेकरू चावणार नाई त काय करन?” कोणी लांबलचक प्रश्न विचारला की टेबलाखालून आवाज यायचा, “मी बोलून राह्यली का तूच बोलून राह्यला?”

मी अमरावतीहून आले होते. माझी शाळा इंग्रजी. मनात वाक्य जुळवून होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. “ही कोर्टात उभी राहून करेल काय?” असं बाबांनी घरी विचारलं होतं, आणि ते खोटं ठरावं एवढंच मला हवं होतं.

माझी पाळी आली. मी टेबलाखाली शिरले आणि पाठ केलेला प्रश्न विसरले. नुसती बसून राहिले. खाली पंख्याचा वारा लागत नव्हता. मंदाताई सतरंजीचा धागा ओढत होत्या.

“काका चांगला हाये,” बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या. “सायकल घेऊन देतो म्हने.”

त्यांनी धागा बोटाला गुंडाळला.

“कागदावर सही झाली, म्हने आजी. आता काकाच्या घरी मूर्तिजापूरलेच राह्याचं.” धागा तुटला. “मी दारातच उभी होती. पन मले कोनी इचारलंच नाई.”

हा आवाज सहा वर्षांच्या मुलीचा नव्हता. तो ऐकू येण्याइतकी जवळ फक्त मीच होते.

मग त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि बाहेरच्यांना ऐकू जाईल असं ओरडल्या, “पास! एक प्रश्न नाई इचारला पोरीनं. शिका काई!” वर टाळ्या वाजल्या. मला म्हणाल्या, “चाल, नीघ आता. दुसऱ्याले येऊ दे.”

मी सरकले नाही.

“ताई,” मी म्हणाले, “तुम्हाला कोणाकडे राहायचं होतं?”