खुर्ची हवापालटाला गेली

खुर्चीवर पिठासारखा भुसा पडलेला पाहून बायकोने आधी नवऱ्याकडे पाहिलं. घरात काहीही सांडलं की तिची नजर पहिल्यांदा तिकडेच जायची.

"मी नाही," नवरा म्हणाला.

त्याचं चष्म्याचं दुकान होतं. बारकाईने बघणं हा धंदाच. त्याने भिंग आणलं, खुर्चीपुढे गुडघे टेकले आणि चिमूटभर भुसा तळहातावर घेऊन निदान केलं. "भुंगेरा. लाकूड पोखरणारा किडा. आत बसून खातो आणि बाहेर सांडतो."

"म्हणजे तुझ्यासारखाच," बायको म्हणाली, आणि मग तिचा चेहरा उतरला.

कारण खुर्ची तिच्या बाबांनी केलेली होती. बाबा सुतार. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी ही एक खुर्ची कशीबशी पुरी केली, लेकीला दिली आणि रंधा कायमचा फडक्यात गुंडाळून ठेवला. तेव्हापासून ते फोनवर आधी खुर्चीची खुशाली विचारत, मग लेकीची, आणि वेळ उरलाच तर जावयाची.

"बाबांना कळता कामा नये," बायको म्हणाली. "खचतील रे ते."

औषध फवारावं, तर बायकोला दमा. सुईने किडा हुडकावा, तर खुर्चीची चाळण व्हायची. चष्मेवाल्याला तसं एकही भोक सापडलं नव्हतं म्हणा. पण भुसा आहे म्हणजे भोक असणारच, एवढं तर्कशास्त्र त्याच्याकडे होतं. शेवटी त्याला कुठेसं वाचलेलं आठवलं. वस्तू प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायची आणि आठवडाभर कडाक्याच्या थंडीत ठेवायची. किडा अंड्यापिल्लांसकट गारठतो, लाकडावर ओरखडाही उठत नाही.

कडाक्याची थंडी त्याच्या ओळखीची होती. आइस्क्रीमच्या गोदामाचा मालक त्याचं जुनं गिऱ्हाईक. नवा चष्मा लागण्याआधी या माणसाने कित्येक महिने आंब्याच्या खोक्यांत पिस्ता भरून पाठवला होता, त्यामुळे तो चष्मेवाल्याचे उपकार मानायचा. खुर्ची नखशिखांत गुंडाळली गेली, डोक्यावरून वाहून नेली गेली आणि व्हॅनिलाच्या खोक्यांशेजारी विराजमान झाली.

चष्मेवाला हात झटकत दुकानात शिरतोय तोच बायकोचा फोन आला. "बाबा उद्या येतायत. राहायला."

दुसऱ्या दिवशी घरात पाऊल टाकताच बाबांनी सवयीने भिंतीवरची फळी पाहिली. जावयाने आयुष्यात स्वतःच्या हाताने केलेली ही एकमेव वस्तू. खोक्यांच्या लाकडाची. तिच्यावर ठेवलेलं सगळं हळूहळू डावीकडे सरकायचं.

"छान आहे," बाबा दर वेळी म्हणायचे. "पाणी साचायचं नाही." मग त्यांनी फळीखालची मोकळी जागा पाहिली. "खुर्ची कुठाय?"

"ती ना... ती दुकानात नेलीय," लेक म्हणाली. "गिऱ्हाइकांना बसायला."

बाबांचा चेहरा असा उजळला, की लेकीला स्वतःचीच लाज वाटली. "माझ्या खुर्चीवर गिऱ्हाइकं बसतात?" म्हणत त्यांनी काढलेल्या चपला पुन्हा पायांत सरकवल्या.

दुकानात खुर्ची नव्हती. प्लास्टिकचं एक स्टूल होतं आणि त्याच्यावर जावई बसलेला होता.

"खुर्ची?" बायको मागून डोळे वटारतेय हे पाहून तो म्हणाला, "काय आहे बाबा, एका गिऱ्हाइकाला ती इतकी आवडली, इतकी आवडली, की चार दिवस बसायला घेऊन गेले. आइस्क्रीमच्या गोदामाचे मालक."

"चला मग."

"कुठे?"

"बघू या कसे बसतात ते."

शीतखोलीचं दार उघडलं तेव्हा पांढऱ्या धुरातून खुर्ची दिसली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, वर बर्फाची भुकटी. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"इथे बसतात ते?"

"उकडतं त्यांना," जावई म्हणाला.

मालक हुशार माणूस. त्याने जाड कोटाची बटणं लावली, प्लास्टिक करकरवत खुर्चीत जाऊन बसला आणि पायावर पाय टाकला. "फ-फार उकडतं हो, काका."

"प्लास्टिक कशाला मग?"

"ख-खुर्ची मळू नये म्हणून."

त्याच्या चष्म्यावर बर्फ धरायला लागलं तसे बाबा पुढे झाले. त्यांनी आपला थरथरता हात खुर्चीच्या गुंडाळलेल्या हातावर ठेवला. "उठा साहेब. न्युमोनिया होईल. किडा लागलाय ना हिला?"

 चौघांच्या तोंडांतून नुसती वाफ येत होती.

"लाकूड निवडताना नजर चुकली असणार," बाबा म्हणाले. "हात गेले होते हे मला ठाऊक होतं. डोळेही गेले म्हणायचे."

"काका, पण बसायला सुरेख आहे हो," मालक म्हणाला. एवढ्या वेळात हे एकच तो मनापासून बोलला होता.

घरी येईपर्यंत बाबा एकेक डोळा मिटून वाटेतल्या पाट्या वाचून बघत होते. जावयाला वाटत होतं, भिंग दुकानातच राहिलं असतं तर बरं झालं असतं. दार उघडलं, दिवा लावला, आणि बायको तिथल्या तिथे थांबली.

फळीखालच्या मोकळ्या जागेत, सकाळीच पुसलेल्या फरशीवर, ताज्या भुशाची इवलीशी ढिगली होती.

तिघांनीही हळूहळू माना वर केल्या. फळीच्या खालच्या अंगाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं होती. एक भुंगेरा दारात उभं राहावं तसा बाहेर डोकावत होता.

"माझा!" चष्मेवाला ओरडला. "बाबा, किडा माझा आहे! खुर्ची निर्दोष आहे! माझ्या फळीतून सांडतोय तो!" आपलं काहीतरी सडकं निघालं म्हणून इतका खूश झालेला माणूस त्या घराने पाहिला नव्हता.

बाबांचे डोळे क्षणभर चमकले. मग त्यांनी जावयाच्या एकुलत्या एक फळीकडे पाहिलं आणि मान हलवली. "छे छे, जावईबापू. माझ्याच खुर्चीतून वर चढला असेल. फळी उत्तम आहे."

"अहो, सगळी भोकं फळीला आहेत!"

"जाताना पाडली असतील. किडा माझाच."

"बाबा, माझा!"

"अरे, सामाईक घ्या!" बायको म्हणाली आणि हसता हसता तिला रडू आलं. "आणि आधी ती फळी काढा."

दोघांनी मिळून फळी गुंडाळली. बाबांनी प्लास्टिक धरलं. त्यांचे हात थरथरत होते, म्हणून जावयाने चिकटपट्टी मुद्दाम सावकाश लावली.

बायकोने गोदामाला फोन लावला. "साहेब, अजून एक वस्तू पाठवतोय. फळी आहे."

 पलीकडून आधी बटणं लावल्याचा आवाज आला.

"पाठवा," मालक म्हणाला. "फक्त एवढं सांगा, हिच्यावर बसायचं की झोपायचं?"