पोंक्षेकाकांचा डोंगर

रायस्वाइक या डच गावात आमच्या मराठी मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम असला, की पोंक्षेकाका हॉल उघडायच्या आधी दारात उभे. आत शिरले की पहिल्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीच्या दोन पायांना दोन काठ्या बांधतात. एकीवर पुठ्ठा. त्यावर नाव, तारीख, वेळ, आणि दुसरी काठी कोणत्या दिशेला किती अंतरावर आहे ते. अंतर पंचेचाळीस सेंटिमीटर, दिशा आग्नेय. मग ते निर्धास्तपणे चहा प्यायला जातात.

मी मंडळाची सेक्रेटरी. कुणी कुठं बसायचं याची यादी माझ्याकडे असते आणि काका तिला कवडीची किंमत देत नाहीत. "सेक्रेटरीबाई, यादी म्हणजे इच्छा. खुंटी म्हणजे हक्क."

एकदा पुण्याहून नुकतीच आलेली एक मुलगी त्या खुर्चीत बसली.

"ताई, तुमचा ताबा आहे," काका म्हणाले. "हक्क नाही."

"का हो काका, खुर्चीखाली सोनं आहे?"

"ते खणल्याशिवाय सांगता येत नाही. उठा."

राजाच्या वाढदिवसाला इथं फुटपाथवर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. लोक आधीपासून खडूनं नाहीतर चिकटपट्टीनं आपापली जागा आखून ठेवतात. काका ही सगळी आखणी चालत तपासतात. "वेळ नाही, दिशा नाही. बाद!" एका डच आजीबाईंनी त्यांना नगरपालिकेचा माणूस समजून माफी मागितली. काकांनी ती दिलीही.

काका भूगर्भशास्त्रज्ञ. निम्मी नोकरी कॅनडाच्या उत्तरेला झाली. तिथं सरकारी जमिनीवर त्यांचा एक डोंगर होता. म्हणजे डोंगर सरकारचाच, पण पोटात काही निघालं तर ते काकांचं. त्यासाठी दोन खुंट्या ठोकायच्या, नाव लिहायचं, कचेरीत नोंद करायची. पुढं दरवर्षी तिथं थोडं खोदून अहवाल द्यायचा, किंवा कामाऐवजी शुल्क भरायचं. एक वर्ष चुकलं की हक्क संपला. त्यानंतर जो खुंटी ठोकेल, डोंगर त्याचा. काकांचं वीस वर्षांत एकदाही चुकलेलं नव्हतं.

"आजवर काय सापडलं, काका?"

"दगड."

"आणखी?"

"आणखी दगड."

यंदा मुदत संपायला तीन आठवडे असताना ते एक फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा होता. नाव मृणाल रेगे, रॉटरडॅम. "माझ्या मित्राची मुलगी आहे. तिची सही तेवढी आणा."

"तुम्हीच का नाही जात?"

"ट्रेन मला सोसत नाही," म्हणाले. उणे तीस अंशात तंबूत राहिलेला माणूस!

मृणाल बंदरातल्या एका कंपनीत आहे. जेवणाच्या सुट्टीत भेटली. फॉर्म तिनं न वाचताच ओळखला.

"दर दोन-तीन वर्षांनी पोस्टानं येतो. माणूस पहिल्यांदाच आला." कॉफी माझ्यापुढे सरकवून ती सांगू लागली. "तो डोंगर माझ्या बाबांचा होता. मुदत संपत आली तेव्हा बाबा हॉस्पिटलमध्ये. तिथून त्यांनी काकांना फोन केला, यंदाचं काम तेवढं तू दाखव. काका हो म्हणाले. डोंगरावर गेलेसुद्धा. मुदत संपेपर्यंत तिथं बसून राहिले आणि मग स्वतःच्या नावाची खुंटी ठोकली."

मी फॉर्मवरचं नाव पुन्हा वाचलं.

"वर बाबांना म्हणाले, अहवाल वेळेत पोचला नसता, मी नसती ठोकली तर कुणी परक्यानं ठोकली असती." ती हसली. "परक्यानं ठोकली असती तर बाबांना इतकं लागलं नसतं. पुढं सहा वर्षं जगले, पण काकांशी एक शब्द बोलले नाहीत."

"पण आता ते परत देताहेत, तर..."

"परत द्यायला आधी तो त्यांचा असावा लागतो, ताई. त्यांना सांगा, सोडून द्या. संपू दे मुदत."

मी परत येऊन शब्दन् शब्द सांगितला. रागच आला होता मला. माझ्या हाती असला फॉर्म द्यायचा होता तर आधी सांगायचं तरी! काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कशी दिसते?"

"दमलेली."

फॉर्मची त्यांनी बारीक घडी घातली. मुदतीला चार दिवस राहिले तेव्हा मी शुल्काची आठवण करून दिली. म्हणाले, "ते काम तुमच्या यादीतून खोडा." मी खोडलं. मुदत संपली.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी काका माझ्याकडे येतात. त्या कचेरीच्या वेबसाइटवर नकाशा असतो. कोणती जमीन कुणाकडे, ते दिसतं.

"कुणी घेतली?"

"नाही काका. मोकळी आहे."

"नीट बघा."

असे सहा महिने गेले. गेल्या सोमवारी मला मंडळाच्या हॉलची कागदपत्रं करायची होती, घाईत होते. जरा तोडूनच म्हणाले, "काका, कुणालाही नकोय हो तो डोंगर."

काकांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.

"मुदत संपेपर्यंत मी तिथं कान देऊन बसलो होतो," म्हणाले. "पान हललं तरी वाटायचं, आलं कुणीतरी." मग चष्मा काढून हातात धरला. "कुणी येणारच नव्हतं, सेक्रेटरीबाई. रेग्या बरा होऊन सावकाश आला असता, तरी जमीन तशीच पडलेली असती."