अंबादासरावांचा माणिकतुरा

एका जंगलात एक नदी होती. नदी असली की ती कधीतरी ओलांडावी लागते, एवढं तुम्हाला कळतं ना, मुलांनो? शाबास. त्या जंगलातल्या मोठ्यांना ते कळत नव्हतं, म्हणून ही गोष्ट सांगावी लागते आहे.

पूर्वी नदी ओलांडायला एक कासव होतं. त्याच्या पाठीवर बसायचं, पलीकडे उतरायचं, त्याला चार कोवळी पानं द्यायची आणि आपल्या कामाला लागायचं. मग कासवाचा धंदा वाढला. त्याने बांबूचा मोठा तराफा बांधला, त्याला 'शांतिसागर' असं नाव दिलं आणि स्वतःच्या पाठीला कुणाला हात लावू देईना. ते पाहून मगरीणबाईंनी शंभर पावलांवर 'वेगवती' नावाची होडी सुरू केली. दोन्ही याच काठावरून निघायची आणि पलीकडच्या त्याच काठाला लागायची. वेळही तेवढाच लागायचा, कारण नदी तीच होती.

आता गिऱ्हाईक धरून कसं ठेवायचं? कासवाच्या कचेरीत एक बगळा होता. डोळे मिटून विचार करण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. त्याने युक्ती काढली. दहा फेऱ्या करणाऱ्याला रुपेरी तुरा. पंचवीस करणाऱ्याला सोनेरी. साठ करणाऱ्याला माणिकतुरा, म्हणजे डोक्यावर लाल पिसांचा भला मोठा झुपका. रुपेरीवाल्याला बगळा मान लववून नमस्कार करी. सोनेरीवाल्याला केळीच्या पानाने वारा घाली. माणिकवाला सगळ्यांच्या आधी चढे आणि घरच्या एकाला बरोबर घेऊन छताखाली बसे. बाकीच्यांना साधी फळी.

अट एकच होती. फेरी धरायची ती जाऊन-येऊन. मध्ये पलीकडच्या काठावर पाय टेकला, तर ती फेरी धरत नसत. जो उतरतो त्याला प्रवासापेक्षा आपलं काम मोठं वाटतं, तो कसला निष्ठावान, असं बगळ्याचं म्हणणं होतं.

हसू नका. जंगलात ते सगळ्यांना पटलं होतं.

या काठावर अंबादासराव नावाचं एक साळिंदर राहत असे. अंगभर एवढे काटे असताना डोक्यावर आणखी तुरा कशाला हवा, असं तुम्ही विचाराल. तुम्ही लहान आहात. त्यांची बायको सुभद्राबाई आणि एकुलती एक लेक रेणू. रेणूला नदीपलीकडे दिली होती. यंदा तिला दिवस गेले होते, आणि आता ते भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत साळिंदरांतही आहे. तिला आणायला जायचं होतं. काम एका सकाळचं.

"अहो, उद्याच जा आणि पोरीला घेऊन या," सुभद्राबाई म्हणाल्या. "डोंगरात पाऊस लागलाय म्हणतात. एकदा पाणी चढलं की चार महिने नदी बंद. मग तिथे तिचं कोण करणार? सासू अंथरुणाला खिळलेली."

"आणतो की," अंबादासराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते शांतिसागरवर चढले आणि फळीवर बसले. शेजारी एक म्हातारी घोरपड कंदांची टोपली घेऊन बसली होती. ती रोज पलीकडच्या बाजाराला जाई. छताखाली एक रानगवा बसला होता, डोक्यावर माणिकतुरा लावून. बगळा त्याला म्हणाला, "या साहेब, तराफा आपलाच आहे." अंबादासरावांना बगळा म्हणाला, "पाय आत घ्या."

हे त्यांना फार लागलं.

पलीकडच्या काठावर रेणू बोचकं घेऊन उभी होती. पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. बापाला पाहून तिचा जीव भांड्यात पडला.

"बाबा! येऊ ना चढून?"

अंबादासरावांनी छताकडे पाहिलं. मग फळीकडे पाहिलं. "थांब, पोरी," ते म्हणाले. "या फळीवर पाय आत घेऊन माझी लेक माहेरी येणार नाही. तुला छताखाली बसवून नेईन. थोडी कळ काढ."

आणि ते न उतरता परत आले. बगळ्याने वहीत एक रेघ ओढली.

मुलांनो, हा त्यांचा पहिला मूर्खपणा. पुढचे मोजत बसू नका, दमाल.

मग अंबादासराव रोज जाऊ लागले. सकाळी एक फेरी, दुपारी एक, जमलं तर तिसरी. रुपेरी तुरा मिळाला. सोनेरी मिळाला. काट्यांत तो नीट बसेना, म्हणून त्यांनी टाळूवरचे चार काटे उपटून घेतले. फार दुखलं. पण बगळ्याने वारा घातला तेव्हा बरं वाटलं. रेणू रोज काठावर यायची. आधी उभी राहायची, मग मग दगडावर बसायला लागली. बाप तराफ्यावरून हात हलवायचा.

एके दिवशी वेगवतीची पाणकोंबडी त्यांना वाटेत भेटली. मगरीणबाईंनी तिला मुद्दाम बोलण्यासाठी ठेवली होती.

"काका, तिकडचा सोनेरी तुरा ना हा? आमच्या खिडकीवर नुसता दाखवा. आमचा सोनेरी तुरा इथल्या इथे देते. एकही फेरी न करता."

"फुकट?"

"फुकट कसा, काका? तुमची निष्ठा नाही का?"

"पण ती तर कासवाशी आहे."

"तीच तर आम्हाला हवी आहे," पाणकोंबडी म्हणाली.

अंबादासरावांनी तुरा दाखवला आणि दुसरा घेतला. मागाहून कळलं की तो टिकवायचा तर आठवड्यात बारा फेऱ्या करायच्या, त्याही न उतरता. त्यांनी केल्या.

ही बातमी बगळ्याला कळली. त्याने अंबादासरावांना बोलावून घेतलं आणि डोळे पुसत म्हणाला, "साहेब, तुम्ही आम्हाला सोडलंत. आम्ही कुठे कमी पडलो? तिकडचा तुरा दाखवा, आम्ही त्याच्या वरचा देतो."

पाहिलंत? त्याने त्यांना साहेब म्हटलं. एका जागी प्रामाणिक राहून साठ फेऱ्यांनी जो मान मिळाला असता, तो दोन्ही घरी पाठ फिरवून आठवड्यात मिळाला. अंबादासराव माणिकतुरा लावून घरी आले.

सुभद्राबाई दारातच उभ्या होत्या. "आता तरी आणणार ना तिला?"

"हा तुरा अजून कच्चा आहे," अंबादासराव म्हणाले. "पक्का झाला की छताखाली सोबत नेता येते. आठच फेऱ्या राहिल्यात."

"चाळीस वेळा पोरीच्या दारापर्यंत जाऊन आलात! आणि एकदा, एकदाही उतरावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"उतरलं की फेरी धरत नाहीत गं. तुला यातलं कळत नाही. लोक मला साहेब म्हणतात."

"लोक नाही म्हणत. बगळा म्हणतो," सुभद्राबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या रडत होत्या. हे मी तुम्हाला सांगतो आहे, कारण अंबादासरावांच्या ते लक्षात आलं नाही. ते तुरा नीट करत होते.

इकडे जंगलात सगळ्यांना वाट सापडली होती. जो तो तिकडचा तुरा इकडे दाखवी आणि इकडचा तिकडे, आणि दरवेळी एक पायरी वर चढे. भेकराला माणिकतुरा मिळाला. सशाला मिळाला. एका गोगलगाईलाही मिळाला, आणि त्याच्या वजनाने ती जागची हलेना. उरली फक्त म्हातारी घोरपड. पाणकोंबडीने तिलाही विचारलं होतं, "आजी, तुरा घ्या की."

"डोक्यावर टोपली असते, बाई," घोरपड म्हणाली. "तुरा लावू कुठे?"

असं करता करता नदीचं पाणी गढूळ झालं. काठावरची लव्हाळी बुडाली. मगरीणबाईंनी वेगवती वर ओढून ठेवली. कासवाने दवंडी पिटवली की शांतिसागरची आज एक शेवटची खेप, मग चार महिने बंद.

अंबादासरावांचा तुरा आदल्याच दिवशी पक्का झाला होता. "चल," ते सुभद्राबाईंना म्हणाले. "आता बघ, कशी थाटात आणतो लेकीला. आज मी उतरणार! हात धरून छताखाली बसवणार."

दोघं धक्क्यावर आली. तिथे दोन रांगा होत्या. एक माणिकतुऱ्यांची. ती धक्क्यापासून निघून जांभळीच्या बनाला वळसा घालून टेकडीवर गेली होती. दुसरी साध्या फळीची. तिच्यात एकटी घोरपड उभी होती.

बगळा ओरडत होता, "माणिकवाले आधी! माणिकवाल्यांचा मान आधी!"

पण सगळेच माणिकवाले. मग आधीतला आधी कोण? रानगवा म्हणाला, "आम्ही साठ फेऱ्या करून मिळवलाय. हे सगळे दाखवून मिळवलेले." भेकर म्हणालं, "पिसं तीच आहेत ना? मग झालं तर." ससा म्हणाला, त्याच्याकडे दोन्ही कंपन्यांचे आहेत, तेव्हा त्याला दुप्पट मान. त्यावर कळलं की दोन्ही कंपन्यांचे सगळ्यांकडेच आहेत. रेटारेटी सुरू झाली. छताखाली जागा चौघांची. रानगव्याने शिंग उगारलं, आणि बगळ्याने छताची वाट अडवून धरली. निकाल लागल्याशिवाय आत कुणालाही सोडणार नाही म्हणाला.

पाणी धक्क्याच्या दुसऱ्या पायरीला लागलं.

"अहो, इकडे या!" सुभद्राबाईंनी त्यांना ओढलं. "ही रांग रिकामी आहे. फळीवर बसू आणि जाऊ."

"अगं, साध्या रांगेत शिरलं की तुरा काढून घेतात!"

"मग देऊन टाका!"

अंबादासरावांनी टाळूवर हात नेला, जिथे चार काटे होते तिथे. काय सांगू मुलांनो, मला त्यांचा इतका राग येतो की गोष्ट इथेच थांबवावीशी वाटते. त्यांच्या मनात लेकीची माया नव्हती असं नाही. होती. पण हात काही तुऱ्यावरून खाली येईना.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मी मानाने येतो."

सुभद्राबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि त्या फळीवर जाऊन बसल्या. घोरपडीने टोपली मांडीवर घेऊन त्यांना जागा करून दिली. कासवाने दोर सोडला. छत रिकामं, फळीवर दोघी, असा तराफा निघाला. काठावर रांग तशीच भांडत होती. तराफा गेला हे निम्म्यांना दुपारी कळलं.

पलीकडे पोचताच कासवाने तराफा झाडाला बांधून टाकला, कारण परत यायला नदीने वाटच ठेवली नव्हती. रेणू दगडावर बसली होती. तिला कळा सुरू झाल्या होत्या.

"आई! बाबा कुठायत?"

"येताहेत," सुभद्राबाई म्हणाल्या. "तू माझा हात धर."

संध्याकाळच्या आत रेणूला दोन पोरं झाली. सुखरूप झाली. आई पोचायला थोडा जरी उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

या काठावर अंबादासराव पाण्याकडे बघत बसले. त्यांना वाईट वाटलं, फार वाटलं. दोन दिवस त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी पाणकोंबडी आली आणि म्हणाली, "काका, नदी बंद असूनही धक्क्यावर उभं राहणारं गिऱ्हाईक आम्ही अजून पाहिलं नव्हतं. कासवाचा माणिकतुरा दाखवा. आमचा हिरेतुरा न्या."

त्यांनी तो दाखवला.

पाऊस जरा उघडला तेव्हा सुभद्राबाई नातवंडांना घेऊन पलीकडच्या काठावर आल्या. साळिंदरांची पोरं भराभर वाढतात, ती एव्हाना बोलू लागली होती. नातवाने समोर बोट दाखवलं.

"आजी, ते चमचम करणारं कोण गं?"

"ते तुझे आजोबा."

"मग ते इकडे का येत नाहीत?"

सुभद्राबाईंनी त्याचं बोट हातात धरलं. मग म्हणाल्या, "त्यांना फार मान आहे, बाळा. इकडे आपल्यासारखी साधी मंडळी येतात."

नातू खो खो हसला. अंबादासरावांना वाटलं, त्याने नमस्कार केला. त्यांनी ताठ उभं राहून तो स्वीकारला.

तात्पर्य : पैलतीर काय, कुणालाही गाठता येतो, त्यासाठी एक फळी पुरते. शहाण्याने मात्र आपली निष्ठा नेहमी दोन ठिकाणी ठेवावी, म्हणजे मान दोन्हीकडून मिळतो आणि कुठेच पोचावं लागत नाही.