भिंतभर खुणा

जावई चित्रकार आहे, हे सासूबाई चारचौघांत सांगत नसत. "रंगाचं काम करतात," एवढं पुटपुटून त्या विषय बदलत. वास्तविक जावयाची चित्रं म्हणजे रंगांची उधळण. जांभळे हत्ती ढगांवर कपडे वाळत घालताहेत, माशांना दाढ्या फुटल्यात. ही प्रेरणा त्याला रोज दुपारी जेवणानंतर पंख्याखाली आडवं होऊन, घोरत घोरत मिळायची. तेवढ्यात कुणी बेल वाजवलेली त्याला खपत नसे.

अखेर दातांच्या एका बड्या दवाखान्याची दर्शनी भिंत त्याला मिळाली. "ही भिंत झाली ना, की तुझ्या आईचं तोंड कायमचं बंद," तो बायकोला म्हणाला.

"दातांच्या दवाखान्यात?" बायको म्हणाली.

एवढ्या भिंतीवर चित्र नेमकं उतरवायचं, तर आधी भिंतभर वाट्टेल त्या रंगीत खुणा करतात. मग मोबाइलमध्ये भिंतीच्या फोटोवर चित्र ठेवून, कुठली रेघ कुठल्या खुणेपाशी येते ते बघत आखायचं. खुणा कसल्याही चालतात, शेवटी त्या रंगाखाली गडपच होतात. एक कोपरा उरला असताना चित्रकाराचा खांदा भरून आला. बायको आणि सासूबाई त्याचं जेवण घेऊन आल्या होत्या.

"आई, तेवढा कोपरा भरता? काहीही काढा, डोकं म्हणून लावायचं नाही."

"म्हणजे तुम्ही करता तसंच ना?" म्हणत सासूबाईंनी पदर खोचला.

जेवून तो परत येतो तर काय, दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई भिंतीपुढे डोळे पुसत उभ्या!

"अहो, काय हे! अप्रतिम!"

"मॅडम, या नुसत्या खुणा आहेत. चित्र अजून काढायचंय."

"किती हो तुमचा विनय! आता एका रेघेलाही हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

बाई लगेच उद्घाटनाची आमंत्रणं करायला गेल्यासुद्धा. चित्रकाराचा जीव कासावीस झाला. महिनोन्‌महिने घोरून मिळवलेले हत्ती कागदावरच राहिले होते. पण कौतुक ते कौतुक, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि उद्घाटनाला नवा सदरा घालून गेला.

एक नामांकित समीक्षक आले होते. चित्रकार त्यांना आपल्याच वेड्यावाकड्या रेघांतून अंतर्मन, काळ, मृत्यू वगैरे दाखवू लागला. समीक्षक जांभया देत ऐकत होते. डाव्या कोपऱ्याशी मात्र ते थबकले.

"बाकी सगळी भरताड आहे. पण हा कोपरा! इथे खरा कलावंत बोलतोय. हे हिरवं काय आहे?"

"माझं बालपण," चित्रकार डोळे मिटून म्हणाला. "त्यातला एकटेपणा."

"काहीतरीच काय!" मागून सासूबाई कडाडल्या. "शिलाई मशीन आहे ते माझं! आणि शेजारचा जांभळा गोळा म्हणजे आमचे हे, चहाची वाट बघताना. मीच काढलेत दोन्ही."

सगळा दवाखाना हसला. चित्रकाराला धरणी दुभंगावी असं झालं. डॉक्टरीणबाईंनी तर तिथल्या तिथे आतल्या खोलीची अख्खी भिंत सासूबाईंना देऊन टाकली. "माझे गुडघे धरतात, शिडीवर नाही चढायची मी," सासूबाई म्हणाल्या. मग शिडीच्या वरच्या कामाला जावयाला घ्यायचं ठरलं, त्या सांगतील तसं रंगवायच्या अटीवर. जावयाला कुणी विचारलं नाही.

"आणि बाई, तुमची प्रेरणा कोण?" समीक्षकांनी अदबीने विचारलं.

सासूबाईंनी जावयाच्या खांद्यावर पहिल्यांदाच मायेने हात ठेवला.

"हे काय, आमचे जावई! चित्रकार आहेत ते. त्यांची चित्रं बघून मला नेहमी वाटायचं, एवढं तर आपल्यालाही जमेल."