अर्धी ओळ

मरणापुढे सगळी माणसं सारखी असतात. फक्त मरणाची नोंद दगडावर करायची झाली, की दगडाची रुंदी विचारात घ्यावी लागते. आमच्या थॉर्नवेलच्या चर्चमध्ये खिडकी आणि शेगडीचं धुराडं यांच्या मधोमध तीन फूट भिंत मोकळी आहे. महायुद्धात गावचे दोघे कामी आले. म्हणजे माणशी दीड फूट, असं गणित शाळेतल्या पोरांनी करून टाकलं असतं. म्हणून पोरांना स्मारक समितीत घेत नाहीत. (मी त्यांचा मास्तर आणि समितीचा चिटणीस.)

पहिले, कॅप्टन लॉर्ड पेरेग्रिन हॅथर्सेज, वय सव्वीस. अठराव्या वर्षी ते घोडदळात अधिकारी झाले, कारण गणवेश त्यांना शोभत होता आणि वडिलांनी तो शिवूनच ठेवला होता. तेविसाव्या वर्षी ते पार्लमेंटात बिनविरोध निवडून आले. विरोधी उमेदवार हॅथर्सेज घराण्याच्याच घरात भाड्याने राहत असल्यामुळे त्याला वेळेवर शहाणपण सुचलं. पार्लमेंटात लॉर्डसाहेब एकूण चारदा गेले (पैकी दोनदा जेवायला) आणि एकदा बोलले. विषय असा, की शेतकरी कुंपणांना काटेरी तार लावतात आणि त्यामुळे कोल्ह्याच्या शिकारीत चांगले चांगले घोडे जखमी होतात. हे भाषण गावात अजूनही उत्तम मानलं जातं. ते कोणी ऐकलेलं नाही.

युद्धावर निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर डचेस नावाची तपकिरी घोडी, एक ग्रामोफोन, आंघोळीचा जस्ती टब आणि हुजऱ्या म्हणून गावचाच शिपाई वॉल्टर टिबिट, एवढं सामान होतं. फ्रान्समध्ये पलटण एका खंदकातून मागे हटली आणि टब तिथेच राहिला. लॉर्डसाहेबांनी हुजऱ्याला तो आणायला पाठवलं. टब परत आला. त्याला तीन भोकं आहेत. लेडीसाहेबांनी, म्हणजे लॉर्डसाहेबांच्या मातोश्रींनी, तो हवेलीत जिन्याखाली जपून ठेवला आहे आणि पाहुण्यांना दाखवतात. हुजऱ्या परत आला नाही. तोफेच्या माऱ्यात त्याचं काही सापडलंच नाही.

पुढच्याच महिन्यात, आघाडीपासून बावीस मैल मागे, सशाचा पाठलाग करताना डचेसने बिटाच्या एका शेताच्या कुंपणावरून उडी घेतली. कुंपणाला तार होती. घोडी आणि स्वार दोघेही जागीच गेले. (पार्लमेंटातल्या भाषणाचं महत्त्व तेव्हा सर्वांना पटलं.)

शिळेसाठी लेडीसाहेबांनी मजकूर पाठवला. त्यात नाव, हुद्दा, पलटण, मतदारसंघ, पार्लमेंटातील कार्य आणि वडिलांच्या तीन पदव्या होत्या. पुढे 'काटेरी तारेवर देशासाठी देह ठेवला' (तार कोणाची, हे विचारणं समितीला सभ्यपणाचं वाटलं नाही) आणि शेवटी 'अखेरपर्यंत साथ देणारी डचेस'. पाथरवट ग्रोव्हर यांनी मोजून सांगितलं, की शिळेवर बावीस ओळी मावतात आणि एवढ्यात साडेएकवीस भरतात. समितीने या काटकसरीबद्दल लेडीसाहेबांचे आभार मानले.

सातव्या सभेला चर्चचे कपडे धुणाऱ्या बाई आल्या. हुजऱ्याची आई. दारातच उभ्या राहिल्या, हात ओलेच होते.

"पाद्रीसाहेब, माझ्या पोराचं नाव घालताय ना?"

"घालायचं तर आहेच हो बाई. पण उरलीय अर्धी ओळ. त्यात नाव, हुद्दा, पलटण, कसं बसवायचं सांगा?"

"नुसतं नाव घाला. हुद्दा होता कुठे त्याला?"

"नुसतं नाव बरं दिसत नाही. लोक विचारतील, हा कोण?"

"विचारू देत की! कोणी विचारलं तर कोणी सांगेल तरी. त्याचं थडगंसुद्धा नाही, साहेब. कुठेतरी असू दे ना त्याचं नाव."

पाद्रीसाहेबांनी घड्याळ पाहिलं. बाईंनी टेबलावरचा मसुदा पाहिला.

"मग ही घोडी काढा."

 पाद्रीसाहेब समजुतीने म्हणाले, "अहो बाई, घोडी कशी काढणार? तिची अकरा पिढ्यांची वंशावळ आहे."

"आणि त्याला आई आहे," बाई म्हणाल्या. "ही काय, तुमच्यासमोर उभी आहे."

मी इतिवृत्तात लिहिलं: 'एका महिलेने सूचना मांडली. आभार मानून सभा संपली.' लिहिताना मला लाज वाटली. पण अक्षर चांगलं आलं.

अर्ध्या ओळीत 'व इतर' कोरलं. अनावरणाला बँड होता. गर्दी पांगल्यावर बाई माझ्याजवळ आल्या.

"मास्तर, ह्यात तो कुठाय?"

मी बोट ठेवून दाखवलं.

"इतर म्हणजे किती जण?"

"एक."

आता दर शनिवारी धुतलेले कपडे द्यायला येतात तेव्हा बाई ती अर्धी ओळ ओल्या फडक्याने पुसून जातात. शिळेचा तेवढाच भाग चकचकीत झाला आहे. त्यामुळे लॉर्डसाहेब मळकट दिसतात, अशी हवेलीतून तक्रार आली असून विषय पुढच्या सभेपुढे आहे.

वाचकहो, तुम्ही आमच्या समितीवर रागावला असाल. रास्तच आहे. तुम्हाला ना पाद्र्याची भीड, ना लेडीसाहेबांची भीती, शिवाय जागेची टंचाईही नाही. तेव्हा मागे न पाहता सांगा: लॉर्डसाहेबांचं नाव काय? शाबास. घोडीचं? तेही आलं. आता त्या पोराचं सांगा. मी ते पूर्ण लिहिलं होतं, टबाच्या शेजारीच.

राहू द्या, वर जाऊन शोधू नका. समितीत एक जागा रिकामी आहे.