भाऊसो वेळेवर पोचतात

दुकानाच्या माळ्यावर कॉम्प्युटरपुढे बसून सोनल एका कोऱ्या स्टीलच्या ताटाकडे बघून हसत होती. हसण्यासारखं त्या ताटात काही नव्हतं. पण फोनवर बोलताना माणूस हसत असला तर पलीकडच्याला ते ऐकू येतं, असं तिला क्लासमध्ये शिकवलं होतं. आरसा समोर ठेवून सराव करा, असं सर म्हणाले होते, आणि मंगळवार पेठेतल्या त्या भांड्यांच्या दुकानात आरशांपेक्षा ताटं जास्त होती.

"गिऱ्हाइकाकडं बघून एवढं हसली असतीस, तर एखादा कुकर तरी खपला असता," खालून तिचे वडील नेमिनाथअण्णा म्हणाले.

"अण्णा, मी क्लायंटशी बोलायलोय. जरा गप बसा की."

"बोल बोल. आज महिना संपतोय. क्लायंटनं कायम केलं तर ठीक, न्हाईतर उद्यापासनं खाली गल्ल्यावर बसायचं. ठरलंय आपलं."

ठरलं होतं खरं. सोनल व्हर्च्युअल असिस्टंट झाली होती. म्हणजे काय, हे तिनं अण्णांना अनेकदा समजावलं होतं. साहेब एकीकडे, आपण दुसरीकडे, आणि काम सगळं फोनवर आणि कॉम्प्युटरवर.

"म्हंजे तू सायबाला दिसत न्हाईस?"

"न्हाई."

"मग पगार तरी तुला दिसणार हाय का?" अण्णांनी विचारलं होतं. त्यावर क्लासमध्ये काही शिकवलेलं नव्हतं.

तो क्लास प्रसेनजीत सरांचा, चिरमुऱ्यांच्या दुकानावरच्या खोलीत. नाव 'ग्लोबल'. सर स्वतः पुण्यापलीकडे गेले नव्हते, पण अमेरिकन साहेबाला काय आवडतं हे त्यांना तोंडपाठ होतं. साहेबाला नाही म्हणायचं नाही. वेळ म्हणजे वेळ. आणि सगळ्यांत मोठा गुण म्हणजे प्रोॲक्टिव्ह असणं. साहेबाच्या मनात काम यायच्या आत आपण ते उरकून मोकळं व्हायचं. अमेरिकेत अशा असिस्टंटची भयंकर टंचाई आहे, असं सर सांगत. असेलही. पण अमेरिकेनं ते कोल्हापूरला कळवलं नव्हतं. घरात 'आलो, गेलो' म्हणणाऱ्या सोनलनं फोनपुरतं 'आले, गेले' शिकून घेतलं, आणि अख्ख्या बॅचला मिळून जो एकुलता एक क्लायंट आला, तो तिच्या वाट्याला आला. तो उचगावचा होता.

भाऊसो हे पन्नाशीतले युवा नेते. त्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट पाहिजे होतं. त्यांच्या विरोधकाकडे दोन असिस्टंट होते, एक बॅग धरायला आणि एक मोबाईल धरायला. भाऊसोंनी त्याच्यावर कडी केली. कानात निळा दिवा लुकलुकणारं यंत्र अडकवून ते चारचौघांत सांगत, "त्याचं दोन असिस्टंट दिसत्यात. आमचा दिसत सुद्धा न्हाई."

महिनाभर सोनलकडे वाढदिवसाचे मेसेज पाठवण्यापलीकडे काम नव्हतं. आज मात्र भाऊसोंनी सगळा दिवस तिच्या हवाली केला होता. तिनं रात्रीतून वेळापत्रक आखलं आणि सकाळी हसत हसत ताटाला, म्हणजे भाऊसोंना, सांगितलं, "सर, अकराला व्यायामशाळेचं उद्घाटन. पत्रिकेत अकरा आहे, आपण अकराला पोचायचं."

"अकराला म्हंजे... अकराला?"

"वेळ पाळणारा नेता, सर. लोकांवर इम्प्रेशन पडतं."

आपल्याकडे पत्रिकेवर अकरा छापतात ते पाहुण्यांसाठी नव्हे, मंडपवाल्यासाठी. अकराला मंडपवाला येतो, बाराला स्पीकर येतो, मग स्पीकरवरून 'साहेब नाक्यापर्यंत आलेले आहेत' असं तासभर सांगतात, आणि ते ऐकून साहेब घरातून निघतात. हे कोणी कोणाला शिकवत नाही, त्यामुळे क्लासमध्येही शिकवलेलं नव्हतं. भाऊसोंना अर्थात ते ठाऊक होतं. पण महिनाभर असिस्टंटची एवढी जाहिरात केल्यावर तिचं ऐकायचं नाही, हे त्यांना शोभणारं नव्हतं.

अकराला भाऊसो पोचले. सोनलच्या कानात सगळं ऐकू येत होतं. आधी कुत्रं भुंकलं. मग वरून कोणीतरी म्हणालं, "ओ पावणं, जरा ती शिडी धरा की."

"अरं, मी भाऊसो."

"आसू दे. धरा, हलायलीया."

"सोनल," भाऊसो दातांतल्या दातांत म्हणाले, "हितं काळं कुत्रं न्हाई. म्हंजे हाय, पर तेवढंच हाय. शिडी धरलीया मी."

"छान, सर. लोकांत मिसळा."

अर्ध्या तासानं तिनं सांगितलं की उद्घाटनाचा वेळ संपला, आता लग्नाला निघायचं.

"फीत आल्याली न्हाई अजून. कापू काय?"

नाही म्हणायचं नाही. "सर, जे उपलब्ध आहे ते कापा," सोनल हसत म्हणाली.

भाऊसोंनी खिशातली कात्री काढली आणि समोर दिसली ती लाल दोरी कापली. पुढं जो आवाज झाला तो सोनलला टाळ्यांसारखा वाटला. तो मंडप खाली बसल्याचा होता. शिडीवरच्यानं नंतर जे शब्द वापरले, ते मात्र टाळ्यांसारखे वाटण्याजोगे नव्हते.

लग्नाला तर ते नवरदेवाच्याही आधी पोचले. घोडेवाला घोडा धरून कंटाळला होता. त्यानं भाऊसोंना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "बसताय न्हवं?"

"सोनल," गाडीत बसल्यावर भाऊसो म्हणाले, "आता चारचं काय हाय ते नीट हाय न्हवं? ती पिराजी आण्णाची गल्ली हाय. तिथली मतं हातची गेली, तर तिकीट बी गेलं आन तू बी गेलीस."

"ते तर मी प्रोॲक्टिव्हली केलंय, सर," सोनल म्हणाली. तिला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

त्याचं असं झालं होतं. आदल्या दिवशी पिराजींच्या थोरल्या मुलाचा, जोतीरामचा फोन आला होता. "आमच्या म्हाताऱ्याचं काय खरं न्हाई बघा. डॉक्टरनं हात टेकल्यात. भाऊसोंनी येऊन जावं." क्लास न केलेल्या माणसानं 'आजारी, भेटायला जाणे' एवढंच लिहिलं असतं. सोनलनं पुढचा विचार केला. तिनं वेळापत्रकात 'सांत्वन भेट' लिहिलं, हार सांगून ठेवला, भाऊसोंना पांढरा शर्ट घालायला सांगितलं, आणि जोतीरामकडून म्हाताऱ्याचा फोटो मागवून घेतला. जोतीरामला वाटलं, सरकारी मदतीच्या अर्जाला लागत असेल. सोनलनं तो डिजिटल बोर्डवाल्याकडे पाठवला. आता गल्लीच्या तोंडाला, नाक्यावर, चांगल्या दोन मजली उंचीवर, नुकतीच लागलेली 'भावपूर्ण श्रद्धांजली' झळकत होती.

"म्हातारं गेलं व्हय?" बोर्ड दिसताच भाऊसोंचा आवाज जड झाला. "मला कोण बोललं न्हाई ते."

"म्हणून तर मी आहे, सर. उतरल्यावर मान खाली. कट्ट्यापाशी दोन मिनिटं मौन."

गाडी थांबली. दार उघडलं. मौन सुरू झालं. सोनलही शिस्तीनं ताटापुढे मान खाली घालून बसली. आणि त्या शांततेत कोणीतरी फुर्रकन चहाचा घोट घेतला.

"कोण मेलं रं?" एक म्हातारा आवाज म्हणाला.

भाऊसो मौनात होते.

"भाऊसो, तुम्हाला इचारतोय. हार कुणाला?"

"सोनल," भाऊसो हळूच पुटपुटले, "म्हातारं च्या प्यालंय."

सोनलच्या चेहऱ्यावरचं हसू ताटातच राहिलं. काय म्हणायचं, हे शिकवलेलं नव्हतं. तिला अण्णा आठवले. कुकर गळका निघाला की अण्णा गिऱ्हाइकाला म्हणत, 'ही खास वाफेसाठी दिलेली सोय हाय.' ती म्हणाली, "सर, सत्कार म्हणा. बरे झाले म्हणून सत्कार."

"सत्कार," भाऊसो मोठ्यानं म्हणाले. "आण्णा, तुम्ही आजारातनं उठला, म्हणून तुमचा सत्कार."

हार गळ्यात पडला. जोतीरामनं टाळ्या वाजवल्या. निभावलं होतं. सोनलनं श्वास सोडला, आणि तेवढ्यात पलीकडून एक पोर ओरडलं, "आज्जा, नाक्यावर तुजा बोर्ड लागलाय."

पुढचा बराच वेळ नुसता काठीचा टकटक आवाज येत राहिला. पिराजी बोर्ड बघायला निघाले होते, मागून अख्खी गल्ली निघाली होती, आणि गल्लीच्या मागून मान खाली घालून भाऊसो. काठी थांबली. सोनलनं डोळे मिटले.

"भाऊसो," पिराजी म्हणाले.

"आण्णा, ती जरा असिस्टंटची..."

"मेलंय कोण?"

"कोण न्हाई, आण्णा."

"बोर्डावर कोण मेलंय?"

"तुम्ही."

"मग फोटू तुजा का मोठा?"

बोर्डावर भाऊसो हात जोडून गुडघ्यापर्यंत उभे होते, आणि त्यांच्या खिशाच्या उंचीवर, पोस्टाच्या तिकिटाएवढे पिराजी होते.

"मरायचं मी, आन मिरवायचं तू," पिराजी म्हणाले. "उद्याच्या उद्या दुसरा लाव. माझा फोटू हेवढा. तुजा घाल कुठं तरी कोपऱ्यात."

"लावतो, आण्णा. वर 'अभिनंदन' लिवतो."

"कशाला? श्रद्धांजली हाय ती ऱ्हाऊ दे. खरंच मेल्यावर मी कुठं बघाय येतोय?"

गर्दीतून एक बाई पुढं आली. "भाऊसो, मी चिमणाबाई. माझी बी करा की. फोटू जरीच्या लुगड्यातला घ्या. आन सुनंचं नाव बारीक."

त्यानंतर सोनलला एवढंच ऐकू आलं, "महिना संपला तुजा." मग भाऊसोंनी कानातलं काढलं असावं.

दुसऱ्या दिवसापासून सोनल गल्ल्यावर बसली. अण्णांनी माळ्यावरचं ताट खाली आणून पुन्हा विकायला ठेवलं. प्रसेनजीत सरांना कळल्यावर ते म्हणाले की चूक क्लायंटची आहे, तो ग्लोबल नव्हता.

पण आठवड्याभरात दुकानात भलतीच गिऱ्हाइकं यायला लागली. उचगावातून काठी टेकत म्हातारे येत, इकडच्या तिकडच्या डब्यांना हात लावत, आणि मग खालच्या आवाजात विचारत, "ती फोटू मोठा करणारी पोरगी हितंच असती काय?" भाऊसो पिराजींचा आणि चिमणाबाईंचा बोर्ड करून थकले होते, बाकीच्यांनी मूळ कारागीर शोधला होता. सोनल नाही म्हणाली नाही. अण्णांनी दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी श्रद्धांजलीवर एक डबा फुकट देऊ केला, आणि चौथ्या दिवशी फोन घ्यायला स्वतः माळ्यावर जाऊन बसले. जाताना ताट घेऊन गेले.

एका सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं. शटर अर्धंच वर होतं. खालून वाकून भाऊसो आत आले. कानात काही नव्हतं.

"तिकीट मिळालं, सर?" सोनलनं विचारलं.

"मिळालं. त्या गल्लीनंच वर सांगितलं, ह्याच्याशिवाय आम्हाला कोण नको. जित्तेपणी एवढं कोण करतंय म्हणाले." भाऊसो स्टुलावर बसले, उठले, दाराबाहेर बघून आले. "तू परत ये कामावर. वर्षभर कायम. पर आधी एक खाजगी काम हाय."

"बोला की."

त्यांनी खिशातून एक फोटो काढून गल्ल्यावर ठेवला. त्यांचाच होता, फेट्यातला. "माझ्या वेळी पक्षवाले बोर्ड करणार. त्यात वरच्या सायबांचा फोटू मोठा ईल, आन मी खिशापाशी. ते मला बघवायचं न्हाई. आत्ताच करून ठेव. नुसता मी."

माळ्यावरून अण्णांचा हसरा आवाज आला. ते कोणाला तरी जरीच्या लुगड्याचं विचारत होते. सोनलनं वही उघडली, तारखेची जागा मोकळी ठेवली आणि नाव लिहून घेतलं. या एका कार्यक्रमाला भाऊसो वेळेच्या बरेच आधी पोचले होते, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.